हरीदादांचे पन्नास किलोमीटर

हरीदादा कोणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडे बघत नाहीत, मीटरकडे बघतात. विजेच्या. मान वर करून, डोळे बारीक करून, मनातल्या मनात आकडे वाचतात आणि मगच म्हणतात, "कशी हाय बाय?" आमच्या इमारतीत पहिल्यांदा आले तेव्हा वीस मिनिटं खालच्या मीटरच्या खोलीतच होते. वॉचमनला वाटलं चोर. बाहेर आले ते माझ्या घरचे पंखे किती चालतात ते सांगतच.

तीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून मीटर वाचले. मूळचे इथल्याच जूचंद्र गावचे. आम्ही टॉवरवाले नंतर आलो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण फेरी सुटलेली नाही. रोज पहाटे निघतात, दहा-बारा किलोमीटर चालून येतात आणि वाटेतल्या कुत्र्यांची खबर मला देतात. कारण त्यांना माणसं लक्षात राहतात ती कुत्र्यांवरून. "भास्कर म्हंजे कोन? लाल्यावाला का? लाल्याची आई लय वंगाल होती. दोनदा चावली मना."

"तुम्ही या वयात इतके भराभर कसे चालता?" असं मी एकदा विचारलं.

"मना कुत्र्यांनी शिकवलंय," ते म्हणाले. "त्यांच्यासारका गुरू नाय. फी नाय, सुट्टी नाय."

मागच्या हिवाळ्यात आमच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. हृदयाला छिद्र असलेल्या लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी एका ट्रस्टने पन्नास किलोमीटरची दौड ठेवली होती. वसईच्या किल्ल्यापासून थेट चांदीप गावापर्यंत आणि परत. प्रत्येकाने एका मुलासाठी धावायचं, आणि आपल्या ओळखीच्यांकडून मदत गोळा करायची. हरीदादांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि नाव देऊन आले. वय वर्षं एकसष्ट.

त्यांच्या वाट्याला आर्या नावाची आठ वर्षांची मुलगी आली. ट्रस्टचे डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या एकदा. हे म्हणाले, "आदी पलतो, मग तोंड दाखवतो."

मदत मागायला मात्र त्यांच्यासारखा माणूस नाही. जुन्या ओळखीच्या एकेका दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुमी नाय म्हना, चालंल. पन तुमचा मीटर मना वलखतो." लोक हसायचे आणि द्यायचे. फक्त आमच्या सोसायटीचे चेअरमन पक्के निघाले. म्हणाले, "पूर्ण धावलात तर सोसायटी ठरलेले पैसे पूर्ण देईल. अर्ध्यात बसलात तर अर्धे."

दौडीच्या दिवशी उजाडता उजाडता मी पाणी, चिक्की आणि केळी घेऊन स्कूटरवर त्यांच्या मागे. बाकीचे धावणारे झगमगीत कपड्यांत, मनगटावर घड्याळं. हरीदादा जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, डोक्याला पंचा. चांदीपपर्यंत ते असे गेले की मलाच लाज वाटली. मी स्कूटरवर दमले होते.

घोळ झाला परतताना. तो सगळा त्यांचा जुना भाग. सकाळी जाताना दारं बंद होती, आता दारादारांत माणसं उभी. "हरीदादा, पानी घेऊन जा!" "हरीदादा, चहा टाकलाय!" या माणसाला नाही म्हणता येत नाही. एका घरी ताक, दुसऱ्या घरी चहा, तिसऱ्या घरी आग्रहाने अर्धी भाकरी. चौथ्या घरी तर एका म्हाताऱ्या आजीने हातच धरला. "मेल्या, कवाधरनं आला नाय तू! मीटर कोन वाचनार?" हे रिटायर झाले आहेत हे तिला पटेचना. शेवटी हे आत गेले, मीटर वाचला, "कमी येईल बिल या टायमाला" असा दिलासा दिला आणि मग सुटले.

मी घड्याळ दाखवून ओरडत होते. चार वाजता दौड बंद होणार होती.

शेवटचे सात किलोमीटर राहिले आणि हरीदादांच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला ते मटकन बसले. तोंड पांढरं पडलेलं.

"हरीदादा, पुरे," मी म्हटलं. "बसा स्कूटरवर. चेअरमन अर्धे देतील, तेवढे तर तेवढे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाय, त्यांनी अर्दं दिलं तर डॉक्टर काय अर्दंच छिद्र बुजवनार?"

मी गुडघ्यावर बसून पोटरी चोळायला लागले. तेवढ्यात शेजारच्या वाडीतून एक काळं कुत्रं भुंकत अंगावर आलं. मी किंचाळून स्कूटरवर चढले. हरीदादा उभे राहिले, दोन पावलं लंगडले आणि पळत सुटले! कुत्रं मागे, त्यामागे मी. पुढून त्यांचा आवाज येत होता, "चंप्याचा नातू दिसतोय! शेपूट तसंच हाय!"

चाराला सहा मिनिटं कमी असताना ते पोहोचले. सगळ्यांत शेवटी. टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त त्यांनाच. ते तसेच जमिनीवर बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तरी आजीच्या मीटरचं सांगायला लागले, पण शब्द फुटेना.

गर्दीतून एक काडीसारखी मुलगी आली. ओठ किंचित निळसर. ती आर्या. सरळ त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"बोलू नका," ती म्हणाली. "नाकाने घ्या श्वास. आता तोंडाने सोडा. हळू. मला पण जिना चढताना असंच होतं."

हरीदादांनी मुकाट्याने तसं केलं. ती एक-दोन-तीन मोजत होती, हे श्वास घेत होते. बराच वेळ.

परत येताना ते स्कूटरवर मागे बसले होते.

"माजी बारकी बहीन होती, बाय," ते एकदम म्हणाले. "मंजू. मिठागराच्या बांदावरनं शालेत जायचो, तर मदीच बसायची. सगले तिला आलशी म्हनायचे." मग हळूच, "मी पन म्हनायचो. तवा कोनाला ठाव होतं छिद्र-बिद्र."

मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

आर्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायला सांगितलं आहे. दर रविवारी हरीदादा तिला आणि तिच्या आईला घेऊन आमच्या मागच्या रस्त्याने फिरायला जातात. ती मध्येच बसली की तेही शेजारी बसतात. काही विचारत नाहीत, घाई करत नाहीत. ती उठली की उठतात.

परवाच्या रविवारी ती कुठेच बसली नाही. शेवटी हरीदादाच म्हणाले, "आर्या, जरा टेकू या का गं?"