बसल्या रुळाचं भाडं

धुळातात्याचा रूळ दिवसा फुकट चालायचा. भाडं पडायचं ते रात्रीचं. रस्त्याची खडी दाबणारा हा डिझेलचा लहानसा रूळ तुमच्या कामावर जितक्या रात्री मुक्कामाला असेल, तितक्या रात्रींचे पैसे मोजायचे. दिवसा तो कितीही फिरवा, तात्याचं काही म्हणणं नसे. अमावस्येला मात्र दुप्पट. "लांडग्याची रात हाय," एवढंच कारण. लोखंडाला लांडगा काय करणार, असं विचारलं की तो विचारणाऱ्याकडे कीव आल्यासारखा पाहायचा.

बारामतीच्या बाजारात लोक यावर पोट धरून हसत. मला संताप यायचा. आधी हसणाऱ्यांचा, आणि मग तात्याचाही.

तात्या मोरगावकडचा मेंढपाळ. लढाई संपल्यावर पुण्याला लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा आपल्या वाट्याची सगळी मेंढरं विकून त्यानं हा रूळ घेतला. मी पत्रकं छापून वाटत असे, म्हणून तो मला 'कागदराव' म्हणायचा. "कागदराव, म्होरं मेंढरांना रान उरंल का न्हाय ठावं न्हाय. पर रस्ता म्हनला की रूळ लागनारच."

आता भाडं कसं लावायचं? त्याला एकच रीत माहीत होती. शेतकरी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवतो आणि मेंढपाळाला रात्रीच्या हिशेबानं धान्य देतो. दिवसा मेंढरं कुठं हिंडली, हे कोण विचारतो? तीच रीत त्यानं अमावस्येसकट रुळाला लावली.

वर्षाचा खर्चही तो याच भाषेत सांगायचा. डिझेल हा चारा, वंगण ही पेंड. गंज म्हणजे खरूज, तिला करंजाचं तेल. पुण्याहून येणारा फिटर म्हणजे वैदू, "आन् त्यो आला की एक बोकड खाऊन जातो." पावसाळाभर रूळ छपराखाली बसून असायचा, तरी छपराचं भाडं चुकत नव्हतं. पण सगळ्यात मोठा खर्च म्हणजे कोकराचा.

"मेंढरू म्हातारं हुतं, पर जाताना चार कोकरं मागं ठिवतं," तात्या सांगायचा. "ह्यो गडी दर साली म्हातारा हुतो, आन् मागं कायबी ठिवत न्हाय." म्हणून पुढच्या रुळासाठी तो प्रत्येक भाड्यावर 'कोकराचे' म्हणून वेगळे पैसे लावायचा.

"रुळाला कोकरू!" म्हणून ठेकेदार टाळ्या द्यायचे. त्यांच्या मोटारीचं टायर झिजलं तर ते सरकारच्या बिलात जायचं. तात्याच्या रुळाचं म्हातारपण मात्र विनोदाचा विषय! या देशात झीज फक्त मोटारवाल्यांचीच होते की काय?

त्या वर्षी रूळ भिगवणच्या रस्त्याला लागला होता. खडी पसरून झाली, पण तिच्यावर मारायला पाणी येईना, आणि पाण्याशिवाय खडी बसत नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, रूळ रस्त्याच्या कडेला उभा आणि तात्या शेजारी घोंगडं टाकून. त्यानं भाडं मागितलं.

"चाक फिरलं नाही, भाडं कसलं?" ठेकेदार म्हणाला.

"मंग घिऊन जातो माजा रूळ."

"नेऊन तर बघ! उद्या पाणी आलं म्हणजे?"

म्हणजे चालला नाही म्हणून पैसे नाहीत, आणि लागेल म्हणून सोडायचाही नाही! याला ठेका म्हणायचं की वेठबिगार? तात्याच्या रुळाचं इंजिन आधीच धापा टाकत होतं. हे भाडं हाती आलं तरच दुरुस्ती होणार होती, नाहीतर रूळ भंगारात. मी पत्रक काढलं, इंदापूरच्या बाजारात वाटलं, रस्त्याचं काम तपासणाऱ्या सरकारी ओव्हरसियरच्या कचेरीचा उंबरा झिजवला. शेवटी ओव्हरसियरनी तात्याला आणि ठेकेदाराला समोर बसवून तोड काढली. रूळ कामासाठी अडकून पडला असेल तर सगळ्या रात्रींचं भाडं द्यायचं. सोमवारी आपण स्वतः येऊन पाहू. त्यावर ठेकेदारानं अट घातली की तोवर रूळ आपल्या हुकमाशिवाय हलला, तर भाडं बुडालं. तात्यानं मान डोलावली.

"तात्या, सोमवारपर्यंत हात लावायचा नाही," मी बजावलं.

"मेंढरू बसलं की बसलं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सायकलवरून निघालो, तर लांबूनच इंजिनाचा आवाज. तात्या कोरड्या खडीवरून रूळ चालवत होता! मी सायकल टाकून धावलो.

"तात्या, बंद करा! डोकं फिरलंय का तुमचं?"

"मागं बघ, कागदराव!"

मागं रस्ताभर मेंढरं होती. भीमेच्या काठाला निघालेला कळप. दोन्ही अंगांना ज्वारी उभी, बांधावर शेतकरी काठ्या घेऊन. रस्ता सोडून उतरायला जागा नव्हती, आणि पुढं दोन फर्लांग सुरीसारख्या धारेची, न दबलेली खडी.

"खूर फाटत्यात त्येंचं!" तात्या ओरडला. पाण्याशिवाय खडी बसत नाही, पण टोकं तरी दबतात. रूळ खोकत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"तो पुढं चाललाय ना, तो तात्याचा धाकटा भाऊ," ठेकेदाराचा मुकादम मला हसत हसत म्हणाला. "मेंढरं विकली त्या दिवसापासून बोलत नाही." आणि तो ठेकेदाराला बोलवायला गेला. माझ्याच सायकलवरून!

कोकरं बुजू नयेत म्हणून तात्यानं इंजिन बंद केलं आणि मुंडासं सारखं करून तो कडेला उभा राहिला. भाऊ हाताच्या अंतरावरून गेला. खांद्यावर काठी, नजर समोर. मागून सगळा कळप गेला.

ठेकेदाराबरोबर मोटारीतून ओव्हरसियर आले. त्यांनी इंजिनाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "हललाय," ते म्हणाले. ठेकेदारानं पानाची पिंक टाकली.

"साहेब, त्यानं कुणाचं काम केलं?" मी ओरडलो. "तुमच्याच रस्त्यावर यांचीच खडी दाबली ना? तीही फुकट!"

"अट ती अट," साहेब म्हणाले.

दोघं मोटारीत बसून गेले. मग मी तात्यावर उलटलो. तो खडीवरून वाकून सावकाश चालला होता, मी मागून तोंड सोडलेलं.

"घाला आता रूळ भंगारात! आणि हे सगळं कुणासाठी? बोलला तरी का तो तुमच्याशी?"

तात्या दोन फर्लांगांच्या टोकापर्यंत तसाच वाकून गेला. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"न्हाय बोलला," तो म्हणाला. "पर खडीवर रगात न्हाय कुठंच."