चार बोटं शार्डोने

हवालदार आकाराम (निवृत्त) यांच्या मते जगात गुन्हेगार दोनच प्रकारचे. एक पकडले गेलेले, आणि दुसरे, ज्यांचं आकारामनानांनी अजून मनावर घेतलेलं नाही. फौजेत बावीस वर्षं ते कोठारावर ब्लँकेटं सांभाळत होते, पण "सीमेवर नजर तयार झाली आपली" असं ते पिंपरणीच्या झाडालासुद्धा सांगत. त्यांच्या कार्डावर छापलं होतं: ‘खाजगी गुप्तहेर. कुंडल, आष्टा व कुपवाड. चोरी, बेपत्ता व संशय. रविवारी फक्त संशय.’

ही तयार नजर ज्याच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडायची, तो दादासो. कुपवाडात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि स्वभाव नको तितका मऊ होता. आष्ट्यातल्या चोरीला गेलेल्या शिडीचा तपास नानांनी तीन दिवस त्याच शिडीवर चढून केला होता. तेव्हा शिडी खालून धरायला दादासोच होता.

आजचं प्रकरण थंड हवेचं होतं. पाटणच्या वरच्या पठारावर इंद्रजितची बाग होती. त्याच्या गावाकडं कुंडलात सगळे ऊस लावतात, पण या गड्याच्या डोक्यात शार्डोने शिरली. पांढऱ्या वाइनचं हे द्राक्ष थंडीत सावकाश पिकलं तरच त्याचा आंबटपणा टिकतो, असं तो भेटेल त्याला सांगायचा. म्हणून त्यानं आईच्या, म्हणजे मनुबाईंच्या, माहेरच्या जमिनीत वेली लावल्या. मनुबाई तीन वर्षं त्याला ‘तुझी थेरं’ म्हणत होत्या. आणि त्यांनी बजावलं होतं, "चव न्हाई जमली तर उपटून बटाटं लावीन."

पहिली वाइन अजून पलूसच्या वाइन कारखान्यात पिंपात होती. चवीसाठी म्हणून एकच बाटली मिळाली होती. आज अकराला पुण्याहून राजनंदिनी नावाच्या बाई ती चाखायला येणार होत्या. वाइन चाखणं हा त्यांचा धंदाच. त्यांनी होकार दिला तर बाग राहणार होती. आणि सकाळी उठून बघावं तर बाटलीचं फिरकीचं झाकण सैल, आणि आतली वाइन चार बोटं खाली!

"त्यात आईनं सकाळीच जेसीबीवाल्याला फोन केलाय," इंद्रजित रडकुंडीला आला होता. "उपटायचं पक्कं झालं वाटतंय तिचं. काका, तुमाला बोलवायचं नव्हतं मला, पर..."

"गुन्ह्याला निमंत्रण लागत न्हाई," नाना म्हणाले आणि बाटलीवर भिंग धरलं. भिंग नातवाच्या कंपासपेटीतलं होतं. "झाकण डावीकडं फिरवलंय. म्हंजे चोर डावखुरा."

"आवं नाना, सगळीच झाकणं डावीकडं उघडत्यात," दादासो म्हणाला.

"म्हंजे चोर हुशार हाय. सगळ्यांसारखंच उघडलं."

पहिला संशय राखणदार अर्जुनावर. नानांनी त्याला तोंड उघडायला लावलं, आत नाक खुपसलं आणि डोळ्यांत पाणी आणून बाहेर काढलं. अर्जुना नुकताच कांदा-भाकरी खाऊन उठला होता. "पुरावा नष्ट करायला कांदा खाल्लाय!" नाना शिंकत म्हणाले. दुसरा संशय उन्हावर. वाफ होऊन गेली असणार. पण पठारावर असं धुकं होतं की दादासोनं दुसरा स्वेटर चढवला होता, म्हणून उन्हाला जड मनानं सोडून द्यावं लागलं.

मग विचार करायला म्हणून नाना बांधावरच्या म्हसोबाशेजारी जाऊन टेकले. ताडकन उठले. विजारीला मागून ओल लागली होती. त्यांनी हवेत नाक फिरवलं.

"दादासो! हितं सफरचंदाचा वास येतोय."

दादासोलाही आला. म्हसोबाचा दगड ओला होता, खाली दोन मुंग्या घुटमळत होत्या. पण त्याचं लक्ष विजारीकडं होतं आणि हसू दाबायचं काम मोठं होतं.

"चोर फळविक्या हाय," नानांनी जाहीर केलं. "आष्ट्याच्या बाजारातला."

एवढ्यात राजनंदिनीबाई आल्या. झाला प्रकार ऐकून त्या घाबरल्या नाहीत. "सकाळी उघडली असेल तर बिघडत नाही," म्हणाल्या आणि देठाच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. नानांना पुरावा म्हणून एक पेला हवाच होता. बाईंनी दाखवलं, देठ धरा, हलकेच फिरवा, वास घ्या, मग घोट. नानांनी जात्यासारखा फिरवला. निम्मी वाइन दादासोच्या स्वेटरवर गेली आणि उरलेली त्यांनी फौजी रमसारखी डोळे मिटून एका दमात मारली.

"काय कळलं?" दादासोनं विचारलं.

"संपली."

बाईंनी मात्र सावकाश घोट घेतला. इंद्रजितच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. बाई वहीत लिहिता लिहिता बोलत गेल्या, "हिरवं सफरचंद... लिंबाची साल... मागून जरासं लोणी..."

"बघा! भेसळ!" नाना ओरडले. "सफरचंद हितं न्हाई, लोणी हितं न्हाई, बाईस्नी कसं ठावं? तुमीच आदी येऊन पिऊन गेलाय!"

"नाना, गप बसा की वो," दादासो कळवळला. "लाज आणताय."

तेवढ्यात मनुबाई चहा घेऊन आल्या. "कशाचा गोंधळ चाललाय?"

"वहिनी, चार बोटं वाइन गेली. टोळी हाय मोठी."

"कसली टोळी? म्या वतली."

नानांचं भिंग हातातून सुटून चहात पडलं.

"म्हसोबाला," मनुबाई कप मांडत म्हणाल्या. "पयलं पीक त्येला दिल्याबिगर घरात कोण तोंडाला लावतं व्हय? ऊस दिला, बटाटं दिलं, मग ह्येलाच का उपाशी ठिवायचं?"

इंद्रजित आईकडं बघतच राहिला. तीन वर्षं ‘थेरं’ ऐकणाऱ्या त्याच्या कानाला ‘पीक’ हा शब्द आज पहिल्यांदा ऐकू आला होता.

"आणि बोट बुडवून चाखली बी," मनुबाई जरा लाजल्या. "आंबट हाय, पर भांडत न्हाई. सगळं एकमेकाला धरून हाय."

राजनंदिनीबाईंनी वहीतल्या आपल्या ओळी खोडल्या आणि मनुबाईंचं वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. "समतोल म्हणतात तो हाच," त्या इंद्रजितला म्हणाल्या. "माझा होकार आहे."

आणि नेमका तेव्हाच घाटातून जेसीबीचा घरघराट वर आला. इंद्रजित ताडकन उठून आईसमोर उभा राहिला. "आई, आता तरी नको ना! बाई काय म्हणाल्या ऐकलंस की!"

"काय नको? शेततळं नको?" मनुबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "उन्हाळ्यात येलींस्नी पाणी काय तुजा बा डोक्यावरनं आणणार हाय?"

इंद्रजित मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मनुबाईंनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि दुसऱ्या हातानं चहा पुढं केला. तो घेईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

नानांनी चहातलं भिंग पुसलं, वही काढली आणि तपास पूर्ण केला: ‘आरोपी: म्हसोबा. मुद्देमाल: प्राशन केला. घटनास्थळावरून हललेला नाही.’ खाली सही केली, आणि दादासोला विजार वाळेपर्यंत थांबायला सांगितलं.