हौसाआक्काच्या बागेतली माणसं

चैत्रातल्या भर दुपारी आमच्या कुंपणापलीकडे सात माणसं उन्हात उभी होती. माले गावात राहायला येऊन आम्हाला तेव्हा दोनच दिवस झाले होते. निवृत्तीनंतर भूगावचा फ्लॅट लेकीला देऊन मी आणि ही, असे दोघंच इथं दोन खोल्यांच्या घरात आलो होतो. खिडकीतून पाहिलं तर एक पांढरा सदरा, एक खाकी शर्ट, एक हिरवं लुगडं, एक तर चक्क स्वेटर घालून. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. दहा मिनिटांनी पाहिलं तरी तशीच. शेवटी मला राहवेना. कुंपणाशी जाऊन मी त्यांना म्हणालो, अहो, उन्हात कशाला उभे आहात, सावलीला या, पाणी घ्या.

उत्तर आलं ते खालून. खाकी शर्टाच्या पायाशी एक म्हातारी उकिडवी बसली होती. "त्येला आत्ता पानी न्हाई चालत," ती म्हणाली. "उन्हाचं दिलं तर मुळ्या शिजत्यात. सकाळी प्यालाय त्यो."

ही माझी आणि हौसाआक्काची पहिली भेट.

सात माणसं म्हणजे सात झाडं होती. दोन आंब्याची कलमं, चिक्कू, लिंबू, पेरू, फणस, सीताफळ. सगळी माणसाच्या उंचीची. पश्चिमेचं ऊन कोवळी पानं भाजून काढतं, म्हणून आक्का प्रत्येकाशेजारी बांबू रोवून त्यावर कपडे चढवायची. आसपासचे बंगलेवाले हिरवी जाळी लावतात. पण जाळीला काय कळतंय, असं आक्काचं मत. 'काय कळतंय' हे तिचं पालुपदच होतं. ठिबकच्या नळीला काय कळतंय, मोबाइलातल्या हवामानाला काय कळतंय, आणि आठवड्याभरात, ह्या दादांना काय कळतंय.

मला खरंच कळत नव्हतं. हौसेनं आणलेल्या मोगऱ्याला मी दुपारी बारा वाजता पाइपनं आंघोळ घातली आणि वर मूठभर खत टाकलं. तिसऱ्या दिवशी त्याचा खराटा झाला. मग आक्कानं मला हाताखाली घेतलं. उन्हाळ्यात खत नाही, छाटणी नाही. आळं खोडाला चिकटून नको, हातभर लांब. त्यात भाताचा पेंढा वीतभर जाड. शेजारी बुडाला भोक पाडून चिंधी ओवलेलं मडकं पुरायचं आणि उजाडताना काठोकाठ भरायचं, म्हणजे दिवसभर मुळं घुटका घुटका पितात. खोडाला चुना लावायचा. शिकवताना ती अधूनमधून झाडांशी बोलायची. तात्या, काल पानी ठिवलंस. बायजे, पदर सावर. एकट्या बाईला असते सवय, असं मी समजून होतो.

एकदा मी म्हणालो, की माझेही चार जुने शर्ट पडून आहेत, हवे असतील तर देतो. आक्कानं मला खालून वर न्याहाळलं.

"तुमची न्हाई चालायची," ती म्हणाली. "तुमी जित्तं हाय."

मग तिनं सरळ सांगून टाकलं. गावात कुणी गेलं की दिवस झाल्यावर त्याची कापडं लोक नदीला सोडतात, नाहीतर जाळतात. आक्का आधी जाऊन एक मागून आणते. अंगावरचं, न धुतलेलं. पांढरा सदरा तात्या सुताराचा. हिरवं लुगडं बायजाबाईचं. खाकी शर्ट नामदेव ड्रायव्हरचा. स्वेटर एका मास्तरांचा, त्यांना मेमध्येसुद्धा थंडी वाजायची.

घरी आल्यावर मी हे हिला सांगितलं. तिनं भाजी निवडायची जागा दुसऱ्या खिडकीशी नेली. त्याच आठवड्यात एक पार्सलवाला आमचा पत्ता शोधत कुंपणाशी आला, खाकी शर्टाला दोनदा विचारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ते शेजारचे फार तुसडे आहेत. पाठ करून उभे होते, विचारलं तर वळले, पण बोलले नाहीत." वारा असेल, असं मी म्हणालो. त्या दिवशी पान हलत नव्हतं.

वैशाख लागला आणि आक्का विहिरीवरून पाणी आणताना कोसळली. पौडच्या डॉक्टरांनी सलाईन लावून आठ दिवस पडून राहायला सांगितलं. घरात दुसरं कुणी नाही. नवरा दहा-बारा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. पेज पोचवायचं काम हिनं घेतलं, मडकी भरायचं माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी झुंजुमुंजू झालं तेव्हा मी बादली घेऊन त्या सातजणांत शिरलो. बाहेरून बघणं वेगळं आणि त्यांच्या मधोमध उभं राहणं वेगळं. ज्याच्याकडे पाठ करावी तो जवळ आल्यासारखा वाटे. विडीचा वास येत होता. मी भराभर ओतत सुटलो. नामदेवचं मडकं भरलं, शर्टाकडे पाहिलं आणि थांबलो. दोन्ही काखा ओल्या होत्या. पाठ कोरडी, बाह्या कोरड्या, फक्त काखेत दोन काळपट गोल. मी बोट लावलं. ओल कोमट होती.

आक्का बाजेवर पडल्या पडल्या एकेकाची खुशाली विचारत होती. मी चाचरत काखांचं सांगितलं.

"त्येला घाम लई यायचा," ती शांतपणे म्हणाली. "मडकं बघा त्येचं."

मी परत गेलो. आत्ताच भरलेलं मडकं पार रिकामं होतं. पेंढा बाजूला करून पाहिलं, तर ते खालून तडकलेलं. पाणी भलतीकडेच चाललं होतं आणि नामदेवच्या फणसाच्या बुडाशी ठणठणीत कोरडं. मी नवं मडकं पुरलं. दुसऱ्या दिवशी शर्ट कोरडा होता. हिला मी म्हणालो, दव पडलं असेल. "वैशाखात?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवसापासून मी पाणी घालताना बोलू लागलो. मास्तरांना अहो-जाहो करायचो.

सहाव्या दिवशी आक्कानं मला बसवून घेतलं. नवरा गेला तेव्हा ती बेशुद्ध पडली होती. शुद्धीवर येईपर्यंत दिरांनी त्याचं सगळं गाठोडं बांधून नदीला सोडलं होतं. "एक बंडी बी न्हाई ठिवली," ती म्हणाली. "घरात त्येचा वासच ऱ्हायला न्हाई. म्हनून दुसऱ्यांची आनत्ये." मग तिनं विचारलं, "माझं कोन आनंल, दादा?"

मी आणीन, असं म्हणालो.

पावसाळ्यात झाड लावायचं तर खड्डा उन्हाळ्यातच खणून तापत ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतःच्या झाडाची जागा दाखवायला काठी टेकत बाहेर आली. मला वाटलं, ती विहिरीजवळची मोकळी जागा दाखवेल. ती कुंपणापर्यंत चालत आली आणि आमच्या खिडकीसमोर तिनं काठीनं गोल ओढला.

"हितं खना," ती म्हणाली. "वैनी कामं करताना गुनगुनत्यात. हितपत्तर ऐकू येतंय."

मी कुदळ मारायला लागलो. ती कडेला बसून खोली बघत होती. मी एवढंच विचारलं, की झाड कुठलं लावायचं.

"जांभूळ," आक्का म्हणाली. "तुमच्या बी दारात सावली पडंल."