अव्वल घर बघणारे गुरुजी

स्टँडवर दोन एसटी गाड्या शेजारीशेजारी दिसल्या की गोविंद गुरुजी दोन्हींचे नंबर वाचत. मोठा कुठला आणि लहान कुठला, हे ठरल्याशिवाय ते कुठल्याच गाडीत चढत नसत. एकदा त्या नादात त्यांची देवगाव रंगारीची गाडी निघून गेली. गुरुजींना त्याचं काही नाही. गेली ती मोठी होती, म्हणाले.

औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात आमची त्यांची भिंतीला भिंत. गणित त्यांनी निजामाच्या काळात उर्दूतून शिकवलं, पोलीस ॲक्शननंतर मराठीतून. इकाई-दहाईचं एकक-दशक झालं, पण ‘आधी अव्वल घर बघा’ हे पालुपद तसंच राहिलं. दोन आकड्यांत ज्याला घरं, म्हणजे अंकांच्या जागा, जास्त तो मोठा. घरं सारखी असतील तर सगळ्यात डावीकडचं बघायचं, तिथं बरोबरी झाली तर त्याच्या शेजारचं.

एकदा सरकारी दवाखान्यात एका जमादारांची एका बाईंशी जुंपली. बाईंच्या रांगेच्या बिल्ल्यावर ११९, जमादारांच्या १२२. जमादारांचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळे अक्षरांसारखी आकड्यांवरही त्यांची नजर उजवीकडून चालायची. दोन आधी की नऊ आधी, एवढाच त्यांचा सवाल. कंपाउंडरही गोंधळला. मी दाखवायला आणलेले गुरुजी तापानं फणफणले होते, तरी उठले.

“जमादारसाहेब, हर्फ उजवीकडून, आकडा डावीकडून. अव्वल घर बराबर हाय. मधलं बघा. बाईचा एक, तुमचे दोन.”

जमादारांनी बिल्ला पुन्हा वाचला आणि बाईंना वाट दिली. मग गुरुजींनी सबंध रांग लावून दिली आणि त्यात स्वतःचा नंबर हुकवला. मी बघतच राहिलो.

पुढं त्यांच्या मुलीचं, सुमनचं लग्न निघालं. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. त्यांच्याकडं विधुर बापानं कन्यादानाला बसायची रीत नव्हती, म्हणून गुरुजींचा धाकटा भाऊ आणि भावजय बसतील, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं. मुहूर्ताला मात्र गुरुजी सोवळं नेसून आले, दोन पाट मांडले आणि एकावर बसले. भटजी म्हणाले, रिकामा पाट उचला आणि तुम्हीही उठा.

“महाराज, सातशे पाचातलं शून्य उचललं तर काय राहतं?”

भटजींची वाट न बघता गुरुजींनीच उत्तर दिलं.

“पंच्याहत्तर. शून्यात काही नसतं, पण ते घर धरून बसतं. हे सुमनच्या मायचं घर हाय. ते उचललं तर मी बी माझ्या जागेवर राहत नाय.”

भटजींनी पाट तसाच ठेवून मंत्र सुरू केले. या माणसाचं आकड्यांचं वेड कुठवर पोचलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

कन्यादानात पाण्याची धार आईनं धरायची असते. धार कोण धरणार, म्हणून सगळे एकमेकांकडं बघू लागले. तेव्हा भावजय झारी घेऊन आली. पाटावर न बसता ती त्याच्या मागं उभी राहिली आणि वाकून तिनं धार धरली. झारी पाटावरूनच पुढं आली होती, त्यामुळे सुमनच्या हातापेक्षा जास्त पाणी त्या रिकाम्या पाटावर पडलं. कुणीही ते पुसलं नाही.