सिस्टरचा रिपोर्ट

पोह्याच्या दुकानासमोर, ऐन गर्दीत, हातातली गरम प्लेट शेजारच्या माणसाच्या हातात कोंबून डोळे मिटून उभी राहणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी रोज पाहते. ते शेजारचं माणूस म्हणजे मीच.

एस्तेरबाई सोनवणे. आमच्या तुकोगंजातल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. जन्मभर नर्स होत्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मी एस्तेरबाई म्हणते, कारण माझा हक्क जुना आहे. मी त्यांच्या डोक्यावर राहते, म्हणजे पहिल्या मजल्यावर. त्यांचे दानिएलराव होते तेव्हापासूनची आमची ओळख.

"एक मिनिट हं मंदाताई, देवबापाशी बोलून घेते," असं म्हणतात आणि डोळे मिटतात. त्यांच्या एका मिनिटात पोहेवाल्या बबलू भियाचा जिलेबीचा एक घाणा उतरून दुसरा पडतो. तोवर पोहे गार, शेव मऊ. माझ्या दोन हातांत दोन प्लेटा, काखेत त्यांची पर्स, आणि नजर खाली कुत्र्यावर. इंदूर कितीही चकाचक झालं तरी दुसऱ्याच्या प्लेटीवर जीव टाकणारी कुत्री आहेतच. मागून कॉलेजची मुलं "आंटी, थोडा साइड," करतात. मी अशी बघते की ती मुलं स्वतःच साइडला होतात.

बरं, प्रार्थना मनातल्या मनात करावी की नाही? नाही. प्रार्थना म्हणजे सिस्टरचा रिपोर्ट. दवाखान्यात ड्यूटी बदलताना नर्स दुसऱ्या नर्सला एकेक पेशंट सोपवते ना, अगदी तस्सा. "देवबापा, पहिला मजला, मंदाताई. उजवा गुडघा. सूज कमी आहे, पण तेल लावत नाहीत, सांगून थकले. बबलू भिया, बीपी. तळलेली जिलेबी स्वतःच खातो, त्याला बुद्धी दे." बबलू भिया झारा थांबवून म्हणतो, "हओ सिस्टर, बोल दो ऊपर, अपनी तो वहाँ कोई पहचान नहीं." एकदा त्यांनी आमच्या ह्यांच्या मूळव्याधीचा रिपोर्ट भर रांगेत दिला. त्यानंतर कितीतरी दिवस हे पोहे खायला खाली उतरले नाहीत.

या रिपोर्टात अख्खी गल्ली येते, फक्त एस्तेरबाई येत नाहीत. एकदा मी म्हटलं, "स्वतःचंही सांगा की काही." तर म्हणाल्या, "ड्यूटीवरची सिस्टर पेशंटांत धरत नाहीत."

अ‍ॅक्टिव्हा सुरू करायच्या आधी प्रार्थना, एटीएममध्ये पैसे काढायच्या आधी प्रार्थना. एटीएममध्ये मी दाराला पाठ लावून उभी राहते. आणि संध्याकाळची मोठी प्रार्थना माझ्या स्वयंपाकघरात. दिवेलागणीला त्या वर यायच्या, माझ्या ओट्याशी स्टुलावर बसायच्या, डोळे मिटायच्या. मी देवापाशी दिवा लावून दुधाकडे बघत उभी. बाई स्वतःचं घर सोडून माझ्याकडे का येतात, असं लोक विचारायचे. मी म्हणायची, करमतं त्यांना माझ्याकडे. दानिएलराव गेल्यावर त्यांची भक्ती फार वाढली होती, आणि त्या भक्तीची राखणदार मी होते. माझ्या राखणीत ना कधी प्लेट लवंडली, ना कधी दूध उतू गेलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तळमजल्यावर, एस्तेरबाईंच्या बरोब्बर समोरच्या दारात, साजिदा राहायला आली.

तिच्या नवऱ्याचं सियागंजात मसाल्यांचं दुकान. तो सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. मुलं बाहेरगावी. बाई बोलायला गोड, रंगाने गोरी, आणि पहिल्याच आठवड्यात एस्तेरबाईंकडे खजूर घेऊन हजर. मला जळायला फार सरपण लागत नाही, हे आमचे हे तुम्हाला सांगतीलच. पण खजूर माझ्याकडे दुसऱ्या दिवशी आले. दुसऱ्या दिवशी.

साजिदाला प्रश्न फार. आणि एस्तेरबाईंना उत्तरं द्यायला कुणी भेटलं की काय विचारता. दोघी समोरासमोर दार उघडं टाकून बसायच्या, एक लसूण सोलतेय, एक मेथी निवडतेय. मी जिन्यात. मी काही ऐकत नव्हते, मी जिना उतरत होते. माझा गुडघा दुखतो, त्यामुळे मला वेळ लागतो.

"सिस्टर, आप लोगों में दुआ कितने वक़्त की होती है?"

"वक़्त ऐसा फिक्स नहीं है आपा. सुबह उठे तो, खाने के पहले, सोने के पहले. बाकी जब काम पडा तब. रविवारी चर्च."

"और रुख किधर?"

"जिधर तोंड है उधर."

साजिदा हसली. "अल्लाह तो हमारे यहाँ भी हर तरफ है. रुख हमारे वास्ते है, कि सब एक सफ़ में, एक क़तार में खड़े हों." मग विचारलं, वुज़ू, म्हणजे नमाज़आधी हातपाय धुणं, तसं काही असतं का? एस्तेरबाई म्हणाल्या, हात धुतो, पण ते जेवायचे म्हणून. डोकं? चर्चमध्ये पदर घेते. शब्द ठरलेले? एक प्रार्थना प्रभूने स्वतः शिकवलीय, ती सगळे म्हणतात. बाकी आपल्या मनाने, आपल्या भाषेत. साजिदा म्हणाली, नमाज़चे शब्द ठरलेले, पण नंतरची दुआ आमचीही मनातली असते, हात असे पसरून.

मग रोज़्याची गोष्ट निघाली. एस्तेरबाई म्हणाल्या, ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आमचा उपवासकाळ, मी चहा सोडते.

"और पानी?"

"पानी चलता है."

"खाना?"

"सादा खाना चलता है. मटण नहीं."

"अच्छा," साजिदा म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण फार अदबीने म्हणाली. जिन्यात मला इतका आनंद झाला की विचारू नका.

पण एकदा जरा अडलं. साजिदा म्हणाली, "आप ऊपरवाले को बाप कहती हैं, वो मेरे गले नहीं उतरता, सिस्टर. बुरा मत मानना. हम तो बंदे हैं." मला वाटलं, आता बिनसणार. मी एक पायरी खाली आले. एस्तेरबाईंनी मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, "मुझे मेरे पिताजी याद ही नहीं आपा. इसलिए मेरे को ये बहुत काम आता है." साजिदाने त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी स्वतःकडे ओढून घेतली आणि निवडायला लागली. बिनसलं काहीच नाही, उलट घट्ट झालं.

मग मी पण त्यांच्यात जाऊन बसले. म्हटलं, आमच्याकडे अन्नपूर्णा असते, तिला तांदळात बसवतात. दोघींनी "हो का, वा" केलं आणि परत आपल्या त्याच गोष्टींना लागल्या. माझ्या अन्नपूर्णेबद्दल पुढे एक अक्षर कुणी विचारलं नाही. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू.

आणि मग सकाळी पोह्याला साजिदाही यायला लागली. एस्तेरबाई "एक मिनिट हं" म्हणाल्या आणि प्लेट सरळ साजिदाच्या हातात. ती उजव्या बाजूला उभी होती, एवढंच, पण मी डावीकडे हात पुढे करून तशीच. डोळे मिटून रिपोर्ट सुरू: "देवबापा, तळमजला, साजिदा आपा. अर्धं डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही. मग मंदाताई, गुडघा." मग! माझा गुडघा दुसऱ्या नंबरवर गेला. रिपोर्ट संपला तशी एस्तेरबाई "आमेन" म्हणाल्या, आणि साजिदा अगदी सहज म्हणाली, "आमीन." एस्तेरबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं प्लेटा धरतेय, माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती "हं" म्हणायची. तो शब्द आपला नाही, उगाच कशाला बोलायचा, असं मला वाटायचं. आणि ही कालची आलेली, शब्द घरूनच घेऊन आली.

त्या आठवड्यात एस्तेरबाई संध्याकाळी वर आल्या नाहीत. साजिदाकडे गेल्या. तिची नमाज़ची वेळ, यांची प्रार्थनेची वेळ, एकाच खोलीत दोघी. मी वर एकटी दुधाकडे बघत उभी. पोह्याला जाणंही सोडलं. गुडघा दुखतो म्हटलं. आमचे हे म्हणाले, "तू त्या साजिदाबद्दल जितकं बोलतेस तितकं माझ्या बहिणीबद्दलही कधी बोलली नाहीस." मी त्यांना चहा दिला नाही.

शेवटी रविवारी दुपारी एस्तेरबाईंचा एक डबा परत करायचं निमित्त काढलं. डबा रिकामा देत नाहीत, म्हणून त्यात रव्याचे लाडू. खाली गेले तर साजिदा तिथेच. एस्तेरबाईंनी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं होतं आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दानिएलरावांचा पलंग. अजून चादर घालतात त्यावर.

"आइए मंदा दीदी," साजिदा म्हणाली. जसं काही घर तिचंच. मग तिने एस्तेरबाईंना विचारलं, "सिस्टर, एक बात कब से पूछनी थी. दुआ में आँखें बंद करना आप लोगों में ज़रूरी है क्या?"

या विषयात मला कोण हरवणार? मी म्हटलं, "अरे, बिलकुल ज़रूरी. हमारी एस्तेरबाई तो हमेशा बंद करती है. बरसों से देख रही हूँ."

साजिदा माझ्याकडे बघून जरा घुटमळली. "नहीं दीदी. सुबह मैं दरवाज़ा खोलती हूँ तो सिस्टर यहीं कुर्सी पे बैठी रहती हैं, अकेली. दुआ चल रही होती है. आँखें खुली होती हैं, सामने पलंग पर. इसलिए पूछा."

मला ठाऊक नसलेली गोष्ट हिला ठाऊक. मी एस्तेरबाईंकडे पाहिलं, म्हटलं आता या नाही म्हणतील.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग माझ्याकडे बघत मराठीत बोलल्या. "हे आजारी होते तेव्हाची गोष्ट, मंदाताई. सकाळी इथेच बसून यांची प्रार्थना करत होते. सगळा रिपोर्ट दिला. ताप किती, रात्री खोकले किती, दूध किती घेतलं. काही राहू नये म्हणून सावकाश सांगितलं. आमेन म्हटलं, डोळे उघडले, तर हे नव्हते. मी रिपोर्ट देत होते, आणि पेशंट गेलेला होता."

आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की दानिएलराव झोपेत गेले. एस्तेरबाईंनीच तसं सांगितलं होतं.

"जन्मभर नर्स होते," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या पेशंटवरची नजर काढली. तेव्हापासून एकटी असले की डोळे मिटत नाहीत. मिटायला गेले तरी उघडतात. तुम्ही असलात की मिटतात. तुमची नजर कावळ्याची, तिच्यातून काही सुटत नाही, माहीत आहे ना मला. आता सारखं सारखं तुम्हाला तरी किती जिने चढायला लावायचे, नाही, मीच चढायची म्हणा... पण तुमचा गुडघा, तुमचं घर. मग ही समोर आली."

म्हणजे पोहे, अ‍ॅक्टिव्हा, एटीएम, माझा ओटा. भक्ती होतीच, पण बाई डोळे मिटायला माणूस शोधत फिरत होती.

साजिदाला मराठी थोडं थोडं कळतं. जेवढं कळायचं तेवढं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "हमारी तो नमाज़ में भी आँखें खुली रहती हैं, सिस्टर. आप आज यहीं बंद कर लो. हम दोनों बैठे हैं."

हम दोनों. ते वाक्य मी बोलायला हवं होतं, अगदी ओठांवर होतं. पण बोलली ती. तरीही मी खुर्ची ओढली आणि एस्तेरबाईंच्या डाव्या अंगाला, पलंगाच्या बाजूला बसले.

एस्तेरबाई म्हणाल्या, "एक मिनिट हं." हात मांडीवर ठेवले. पापण्या दोनदा मिटून उघडल्या. साजिदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मिटल्या त्या मिटल्याच.

रिपोर्ट सुरू झाला. बबलू भियाचं बीपी, आमचे हे, कचरागाडीवाल्याची खांसी, साजिदाचं डोकं, माझा गुडघा. कोण आधी, कोण नंतर, या वेळी माझ्या लक्षातही राहिलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. समोर साजिदाही बघत होती. शेवटी त्या थांबल्या, आता आमेन येणार एवढ्यात मी बोलले.

"थांबा. एक पेशंट राहिला."

"कोण?" डोळे मिटलेलेच.

"तळमजला. एस्तेर सोनवणे." मला असं देवाशी मोठ्यांदा बोलायची सवय नाही, माझा आवाजच फाटला. "नीट झोप नाही. एकटी असते. आणि सगळ्यांचं सांगते, स्वतःचं सांगत नाही. सांगून थकले."

त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं ते गालावरून हनुवटीपर्यंत गेलं, पुसलं नाही. डोळे उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "आमेन."

"आमीन," साजिदा म्हणाली.

"आमेन," मी म्हणाले. तिच्या मागून, पण म्हणाले.

तोवर दूध उतू जाऊन गॅस विझला होता. ओटाभर झालं होतं, वास येत होता, आणि राखणीला बसलेल्या आम्हा दोघींपैकी एकीनेही तिकडे पाहिलं नव्हतं. ओट्याच्या बाजूला साजिदा बसली होती. दूध बघायचं काम तिचं होतं, असं मी तिला अजूनही ऐकवते.