सान इसिद्रो आणि माझी बसकी पिकअप

मी तिसरीत शाळा सोडली, पण गाडी कशी असावी हे सांगायला मला कुठल्या इंजिनियरची गरज नाही! यंदा सान इसिद्रोच्या सणाची मानकरीण मी होते. म्हणजे चॅपेलच्या किल्ल्या वर्षभर माझ्या कमरेला. आणि पंधरा मेला शेतकऱ्यांच्या या संताच्या लाकडी मूर्तीला ट्रेलरवर बसवून, पाटाच्या कडेने शेताशेतावर फिरवायचं, तेही माझ्याच पिकअपच्या मागे. अडचण एकच. माझे गुडघे.

माझ्या नवऱ्याने, एल्फिदोने, देव त्याला सुखात ठेवो, जाण्याआधी घेतलेली ती पिकअप म्हणजे उंट! गेल्या सणाला मला आत बसवायला माझ्या मुलाने, डेल्फिनोने, मागून खांदा लावला होता. पोतं चढवतात तसा! आणि समोर उभी कोण? क्लेओतिल्दे. साठ वर्षं शेजारीण, एकसष्ट वर्षं वैरीण.

"अगं सेनाइदा, पुढच्या वर्षी क्रेनच बोलाव!" म्हणाली. अख्खं खोरं हसलं.

तेव्हाच ठरवलं. यंदा राणीसारखी चढणार, राणीसारखी उतरणार. कोणाचा हात लागेल तर शपथ!

"डेल्फिनो, गाडी खाली बसव," मी फर्मावलं. "सीट माझ्या गुडघ्याच्या मापाला. मांडीवर हिरव्या मिरचीच्या रश्श्याचं पातेलं ठेवलं तर थेंब सांडता कामा नये. आणि संताचा ट्रेलर ओढता आला पाहिजे."

"आई, तिन्ही एकदम होत नाही गं! स्प्रिंगा कापल्या की गाडी बसते, पण मग खडा आला तरी दात वाजतात. मागे वजन लावलं की बूड जमिनीला."

"चाळीस वर्षांचा घोडा झालास आणि आईला नाही म्हणतोस?"

आमच्या खोऱ्यात पोरं क्रूसाची खूण करायच्या आधी गाडी बसकी करायला शिकतात. महिनाभर मला गाडीखालून डेल्फिनोचे फक्त पाय दिसत होते. शेवटी स्प्रिंगांच्या जागी त्याने हवेचे रबरी फुगे बसवले. एक टाकी, एक पंप आणि माझ्या हाताशी एक बटण. वर दाबलं की गाडी उठते. खाली दाबलं की फुस्स! म्हशीसारखी बसकण मारते. ट्रेलर जोडला की मागच्या फुग्यांत हवा जास्त भरायची. गाडी खाली गेली म्हणून ट्रेलरचा हूकही त्याने तेवढाच वर उचलला, संत पुढे झुकू नये म्हणून.

पातेलं मांडीवर घेऊन मी एस्पान्योला गावापर्यंत जाऊन आले. इतके खड्डे, पण थेंब सांडला नाही! डेल्फिनोच्या ग्रीस लागलेल्या कपाळाचा मी मुका घेतला.

"एकच ऐक," तो म्हणाला. "दर वेळी टाकीतली हवा खर्च होते. हा काटा तांबड्यात आला की बटणाला हात लावायचा नाही. इंजिन चालू ठेवून पंपाला दहा मिनिटं द्यायची."

"मला शिकवतोस? तुला चालायला मी शिकवलं!"

सणाच्या सकाळी मी कोणाचाही हात न लागता गाडीत डेल्फिनोच्या शेजारी बसले. संताचं छोटं चित्र समोर चिकटवलं. तिथे नेमकी त्या मापाची एक गोल काच होतीच.

पहिल्याच घरी म्हाताऱ्या आबेयताने हॅट काढली. मी बटण दाबलं. फुस्स! गाडी वाकली, मग उठली.

"बघा, बघा! सेनाइदा मावशीची गाडी गुडघे टेकते!"

टाळ्या! मग काय, दुसऱ्या घरी पुन्हा. तिसऱ्या घरी पुन्हा. मागून चालणाऱ्या फादरना वाटलं, काय ही भक्ती!

"आई, पुरे!" डेल्फिनो स्टिअरिंगमागून ओरडला.

"गप रे! गाडी मान देतेय."

नववं घर क्लेओतिल्देचं, पाटावरच्या फळ्यांच्या पुलाला लागून. तिच्यासाठी खास. खाली, वर, खाली! खाली गेली. वर येईना. पुलाच्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं ते टेकलंच. मागे सान इसिद्रो आपल्या लाकडी बैलांसकट पुढे झुकले, काय झालं ते बघायला आल्यासारखे!

डेल्फिनोने चित्र सोलून काढलं. काटा तांबड्याच्याही पलीकडे.

"आई!"

"मी काय केलं? झाकलं तर संताने!"

"थांबता येणार नाही," फादर म्हणाले. "पाटाला पाणी सोडायची वेळ झाली." चौघांनी संताला खांद्यावर घेतलं. आता मेणबत्ती घेऊन मानकरणीने पुढे चालायचं. ती नसेल तर मान पुढच्या वर्षीच्या मानकरणीला. आणि पुढच्या वर्षीची कोण? क्लेओतिल्देच!

मी दार ढकललं. ते गवतात अर्धं रुतलं. सीट आता माझ्या घोट्याच्या मापाला! जोर लावला. गुडघे म्हणाले, नाही. पुन्हा लावला. पातेल्याच्या बुडाला लागलेल्या रश्श्यासारखी मी तिथेच. सगळे बघत होते. तेवढ्यात दारातून एक हात आत आला.

"क्रेन आली गं," क्लेओतिल्दे म्हणाली.

काय करणार? धरला. तिने ओढलं, मी रेटलं, आणि बूच उडावं तशी मी तिच्या अंगावर, आणि दोघी पाटाच्या चिखलात! तशाच उठलो. मेणबत्ती माझ्या हातात, माझं कोपर तिच्या हातात. गळ्यापर्यंत चिखल. पण पुढे मीच होते!

मिरवणूक चॅपेलपाशी संपली तेव्हा डेल्फिनो गाडी घेऊन आला; ती पुन्हा उभी होती, नेमकी माझ्या गुडघ्याच्या मापाला. संताचं चित्र मी परत जागेवर लावलं; जागा त्याचीच ना! क्लेओतिल्देच्या बुटांत चिखल भरला होता, म्हणून तिलाही शेजारी बसवलं.

तिच्या दारात आल्यावर मी फक्त एकदा बटण दाबलं. तिला उतरायला सोपं जावं म्हणून हो! फुस्स.

"सेनाइदा, मला उठता येईना गं."

"थांब," मी ऐटीत म्हणाले, "मी उतरून तुला ओढते." दार उघडलं, आणि मग आठवलं, माझी सीटही तेवढीच खाली! बटण वर दाबलं. काही नाही.

डेल्फिनोने आम्हा दोघींकडे पाहिलं, मग तो उतरला आणि क्लेओतिल्देच्या स्वयंपाकघरात जेवायला गेला.

"काळजी करू नकोस," मी तिला सांगितलं, "पंपाला दहाच मिनिटं लागतात."

इंजिन चालू असेल तर. किल्ली त्याच्या खिशात होती.