दहाव्याला नेलेलं पिल्लू

टोकावड्याच्या राघोइतकं कुत्र्यातलं कळणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात नव्हता. निदान राघोचं मत तसं होतं. पिल्लू लहानपणीच माणसांत फिरवलं नाही तर भित्रं होतं आणि भित्रं कुत्रंच चावरं निघतं, असं तो येईल त्याला ऐकवायचा. घरच्या पिल्लाला, भुऱ्याला, रोज धाब्यावर, एसटीच्या थांब्यावर नेऊन माणसं दाखवायचं काम मात्र त्याची बायको जनी करायची. ती गेली आणि भुऱ्या कणगीमागे जाऊन बसला. राघोचीही तीच गत होती, फक्त तो कणगीमागे मावत नव्हता.

वाशिंदहून आलेल्या मुलानं, दिपेशनं, परस्पर ठरवून टाकलं होतं की दहावं झालं की आबांनी फ्लॅटवर यायचं. तिथं सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. राघोला जनीचं घर सोडायचं नव्हतं आणि तिचं पिल्लूही. पण मुलापुढं बोलायचं बळच त्याच्यात उरलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमणार, एवढी माणसं भुऱ्याला एका जागी पुन्हा कधी भेटणार, असा विचार करून राघोनं त्याला काखोटीला मारून नेलं. दिपेशनं कपाळाला हात लावला.

पिंड मांडले. कावळे उंबरावर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. जनीची काहीतरी इच्छा राहिली, अशी कुजबुज सुरू झाली. दिपेशनं हात जोडून सांगितलं, आबांना वाशिंदला नेतो, काळजी करू नको. कावळा हलेना. सून दर्शनानं वर्षश्राद्ध थाटात करायचं कबूल केलं. जाऊ ठकीनं जनीची नेलेली पितळी परात परत करते म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. ते ऐकून नणंदेलाही एक लुगडं आठवलं. भावकीतली निम्मी भांडणं तिथंच मिटली, पण कावळे जागचे हलले नाहीत. राघोच्या काखेतून भुऱ्या त्यांच्यावर सारखा गुरगुरतोय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तो दर्भ बघून राघोला रडू फुटलं.

"जने, मी कुठं जात नाय. तुझ्याच घरात रातो. याला संभालतो."

डोळे पुसायला त्यानं हात उचलला आणि भुऱ्या सुटला. एवढ्या सगळ्या पायांमधून, कुणालाही न भिता, तो थेट पिंडावर गेला आणि त्यानं पत्रावळसुद्धा चाटून घेतली.

हसावं की ओरडावं, कुणाला कळेना. दिपेश काठी शोधायला लागला. तेवढ्यात जनीची म्हातारी आत्या बाईजा आडवी आली.

"मारू नको रे त्याला. तिनंच भरवून वाढवलाय. शिवला तो शिवला."

बाईजापुढं कोण बोलणार? दिपेश आणि दर्शना दोघंच वाशिंदला गेले.

भुऱ्या आता कुठल्याच माणसाला भीत नाही. गावात कुणाचं दहावं असलं की आदल्या दिवशीच राघोला निरोप येतो, कुत्रं बांधून ठेव. राघो निमूट बांधतो. दिपेशला मात्र त्यानं बजावून ठेवलंय.

"माझ्या टायमाला त्याला बांधू नको. कावळ्याची काय गॅरंटी नाय."